कापलेल्या काठाची कबुली

नानांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहा, असं गौरव अंकाच्या संपादकांनी सांगितलं तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. कारण लिहायचं तर खरं लिहावं लागेल.

जळगावच्या आमच्या पत्र्याच्या कारखान्यात नाना प्रयोगशाळेचे प्रमुख होते, मी नवखा. पहिल्याच दिवशी डब्याचा पत्रा माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "हा आणखी पातळ केला तर आधी काय जाईल?"

मी म्हणालो, "मजबुती."

"आपली झोप," नाना म्हणाले. पुढे ते खरंच झालं.

खाद्यपदार्थांच्या आणि शीतपेयांच्या डब्यांसाठी पातळ तरी दणकट पत्रा घडवणं, हा नानांचा ध्यास. चाचणीसाठी पत्र्याची चकती साच्यात दाबून तिचा पेला घडवला की त्याचा काठ चार जागी उंचावतो. त्याला आम्ही कान म्हणतो. कान मोठे आले की पत्रा नापास.

यावलला केळीचा गर डबाबंद करणाऱ्यांकडे पहिली खेप जायची होती. ती फसली तर प्रयोग बंद, असं मालकांनी बजावलं होतं. चाचणीत कान मोठे आले. मी घाबरलो, कानस घेतली, पेल्याचा काठ घासून सपाट केला आणि 'पास' लिहिलं. ट्रक निघाला.

प्रत्येक पेला बोटावर फिरवून पाहण्याची नानांची सवय मी विसरलो होतो. कानशीची ताजी चमक त्यांना दिसली. त्यांनी फोन करून ट्रक परत बोलावला आणि मालकांना सांगितलं, "चाचणीत माझी चूक झाली. एक संधी द्या." बोलणी त्यांनी खाल्ली. मी मागे मान खाली घालून उभा होतो.

संध्याकाळी मला स्कूटरवरून पिंप्राळ्याला सोडताना धुळ्याकडचे नाना एवढंच बोलले, "कान कापीसन पत्रा सुधरत नही, भाऊ. सकाय फिरीसन बनाडू."

दुसऱ्या सकाळीच आम्ही पत्रा पुन्हा बनवायला घेतला. तो तापवण्याची पद्धत बदलत राहिलो आणि अखेर तो पास झाला. त्याबद्दल कारखान्यात झालेल्या सत्कारात नानांनी माझं नाव आधी घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घासलेल्या काठाविषयी त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून आज मीच सांगतो आहे.

नाना अजूनही कारखान्यात येतात. त्यांना याहून पातळ पत्रा हवा आहे. नाना, त्यासाठी तरी आपल्याला निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. शाल-श्रीफळ इतर मंडळी आणतील. मी कालच्या चाचणीतला पेला आणतो आहे. कान मोठे आहेत. कानस लावलेली नाही.