वन्संना भांड्यांवर ठेवलं

आमच्या ग्रामसभेने ठराव केला होता: समुद्राकडच्या रस्त्यावर बाहेरच्या माणसाला धंदा टाकू द्यायचा नाही. मुंबईचा एक हॉटेलवाला जागा बघत फिरत होता, त्याच्यासाठी तो ठराव. सगळ्यांत पुढे मीच होते. पर्यटकांना घरगुती जेवण घालून आम्ही चार बायका पोट भरतो, त्यावर टपलेल्या माणसाला का म्हणून येऊ द्यायचं? गावाला एवढा हक्क हवाच, असं मी आजही म्हणते. हॉटेलवाला दुसऱ्या गावाकडे वळला, आम्ही पेढे वाटले.

पुढच्याच वर्षी माझ्या थोरल्या नणंदबाई तळा गावच्या सासरहून माहेरी परत आल्या. नवरा गेला आणि दिरांनी घराबाहेर काढलं. वन्संनी त्याच रस्त्यावर एक खोली बघितली आणि खानावळीची परवानगी मागितली. मी म्हसळ्याची, समुद्रापासून आतल्या बाजूची; लग्न होऊन आले तेव्हा बोंबील हातात कसा धरायचा हेही कळत नव्हतं. साफ करण्यापासून कालवणापर्यंत सगळं मला वन्संनी शिकवलं. त्यांनी चूल मांडली असती, तर माझ्याकडे कुत्रंही फिरकलं नसतं.

सभेत सरपंच चाचरत म्हणाले, "गावची लेक हाय. तिला न्हाय कसं म्हनायचं?"

मी उठले. "लेक व्हती. आता यांचं नाव तळ्याच्या मतदार यादीत हाय. आज यांना सोडलं, तर उद्या हॉटेलवाल्याला काय सांगाल?"

वन्संनी वळून माझ्याकडे बघितलं. "अगं, मी हितं जन्मले. तू कदी आलीस गावात?"

कुणीतरी फिसकन हसलं. माझा नवरा, त्यांचा सख्खा भाऊ, भिंतीला टेकून जमिनीकडे बघत राहिला. बोलला असता तर घरी मी त्याची गय केली नसती, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मग परवानगी नको म्हणून हात वर झाले. पहिला माझा.

आठ दिवसांनी वन्सं मागच्या दारी आल्या, काम मागायला. मजुरीवर ठरावात बंदी नव्हती. मी त्यांना भांड्यांवर ठेवलं. शेजारणींना वाटलं, मन मोठं आहे हिचं. मीही नाही म्हटलं नाही.

परवा सुट्टीची गर्दी होती आणि उकळतं तेल माझ्या हातावर उडालं. बोटं मिटेनात. वन्सं मोरीतून हात पुसत उठल्या. म्हणाल्या, "बाजूला सर, आजचं कालवन मी टाकते."

"तुम्ही भांडी बघा, वन्सं," मी म्हटलं आणि डाव्या हातात पळी घेतली. दुखण्याने डोळ्यांत पाणी येत होतं, तरी चूल सोडली नाही. पाहुण्यांनी त्यांच्या हातचं एकदा खाल्लं असतं, तर माझ्या हातचं पुन्हा मागितलं नसतं.