बिनतोड आणि पटणारं

नववीत असताना माझ्या निबंधाखाली मराठीच्या बाईंनी लिहिलं होतं, 'युक्तिवाद बिनतोड.' मी अर्थ विचारला. बाई म्हणाल्या, "जो खोडून काढता येत नाही, असा. पेपरात टेनिसच्या बातमीत 'बिनतोड सर्व्हिस' असतं ना? समोरच्याला परतवताच येत नाही."

शब्द मला फार आवडला. वापरायची संधीही लगेच आली. सेलूत आमचं कापडाचं दुकान होतं. आईचं लग्न आठवीनंतरच झालेलं. त्या वर्षी तिला बाहेरून दहावीला बसायचं होतं आणि बाबा नाही म्हणत होते. मी चार मुद्दे पाठ केले आणि जेवताना एकामागून एक मांडले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "तुयं म्हणणं बराबर हाय. माह्याजवळ उत्तर नाई," ते म्हणाले. "पण फॉर्म भराचा नाई." आणि हात धुवायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "बिनतोड मुद्द्यानं माणूस गप्प होतो. त्याला पटेलच असं नाही. बाबांना काय वाटतं, ते विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. रविवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आई डबा घेऊन आली होती, मी कापडाच्या घड्या घालत होते. मी म्हटलं, "बाबा, तुम्हाले नको काऊन वाटते?"

कापडावरून हात फिरवत ते म्हणाले, "मी दहावी नापास हावो. तुई माय पास झाली त लोक हासतीन मले."

हे मला माहीतच नव्हतं. माझ्या चार मुद्द्यांत ते कुठंच बसत नव्हतं. डबा उघडता उघडता आई म्हणाली, "मले पोरीची पुस्तकं वाचता आली पायजे, एवढंच. गणित मले येत नाई. ते तुम्हीच शिकवा."

हे कोणीही दहा प्रकारे खोडून काढलं असतं. बाबांनी काढलं नाही. पोळीचा तुकडा मोडत ते म्हणाले, "गणित येते मले. मी इंग्रजीत गेलतो."

फॉर्म भरला गेला. दुकान बंद केल्यावर बाबा खाकी कागदावर आईला गणितं घालून देत. ती चुकली की ते पुन्हा पहिल्यापासून समजावत, न चिडता. दुकानात मी त्यांना इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं. आईचं इंग्रजी पहिल्या खेपेला राहिलं, ऑक्टोबरमध्ये निघालं.

पुढं मी स्वतः मराठी शिकवायला लागले. 'बिनतोड'चा अर्थ सांगताना फळ्यावर शेजारीच 'पटणारा' लिहिते आणि दोन्हींची वाक्यं वेगवेगळी करून घेते.

आई पास झाल्यावर बाबांनीही फॉर्म भरला. आग्रह कोणी केला नव्हता. इंग्रजीत त्यांना बरोबर पस्तीस मिळाले, आणि पेढे आईनं स्वतः गल्लीभर वाटले.