चुन्याच्या रेघेपुढचं घर

त्या वर्षी नवा कायदा लागू झाला. पेठांमधले बोळ रुंद करायचे, रस्त्याची रेघ आखायची आणि रेघेच्या पुढं येईल ते बांधकाम पाडायचं, असा अधिकार म्युनिसिपालटीला मिळाला. मी तिथं मोजणीदार होतो. साखर पेठेमागच्या एका बोळात चुन्याची रेघ मी स्वतः मारली. ती एका तेलुगू विणकराच्या पुढच्या खोलीतून गेली. त्याच खोलीत, जमिनीतल्या खड्ड्यात, त्याचा हातमाग होता.

हरकत घ्यायला कायद्यानं महिन्याची मुदत ठेवली होती. नोटीस मराठीत होती. ती घरमालकाला कळेल अशी समजावून सांगणं माझं काम. दुपारचं ऊन रणरणत होतं. आतून मागाचा खटखटाट येत होता. मी नोटीस दाराला चिकटवली, 'समजावून दिली' असा शेरा लिहिला आणि जेवायला घरी गेलो.

महिना सरला, हरकत आली नाही. एका सकाळी मी मुकादम, चार बेलदार आणि दोन शिपाई घेऊन तिथं गेलो. पहारी लागल्या. पहिलाच दगड आत पडला तो ताणलेल्या सुतावर. विणकर खड्ड्यातून वर आला.

"साहेब, हितं माग हाय. का पाडता?"

"नोटीस दिली होती."

"कागद चिटकवला तुमी. त्यात काय हाय ते कोण सांगितलं?"

मी मुकादमाकडं बघून मान हलवली. भिंत कोसळली आणि माग मधोमध मोडला. विणकरानं त्यातलाच दांडा उचलून माझ्या तोंडावर हाणला. दोन दात तुटून जिभेवर आले. दुसरा घाव खांद्यावर बसला, मी खाली बसलो. शिपाई त्याच्यावर तुटून पडले. तो आडवा झाला तरी काठ्या थांबेनात. डोकं वाचवायला त्यानं उजवा हात वर धरला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. बायको त्याच्या अंगावर पडली, तर तिच्याही पाठीत काठी घातली. मी रक्त थुंकत बघत होतो. 'पुरे' म्हणता आलं असतं. म्हणालो नाही. खरं सांगायचं तर त्या घटकेला मला बरं वाटत होतं.

मला मारल्याबद्दल विणकरावर खटला उभा राहिला. साक्षीला जाताना मुकादम म्हणाला, "नोटिशीचं इचारलं तर नुसतं व्हय म्हनायचं की, साहेब. बघाय कोन होतं?"

पिंजऱ्यात विणकर उभा होता, हाताला लाकडाच्या पट्ट्या बांधलेल्या. त्याच्या वकिलानं विचारलं, "नोटीस यांना समजावून दिलीत?"

"नाही," मी म्हणालो. "शेरा खोटा आहे."

त्याची शिक्षा थोडक्यावर निभावली. माझी नोकरी गेली. रस्ता मात्र रेघेप्रमाणेच झाला.

दिवाळीनंतर मी त्याच्या घरी गेलो. मागल्या खोलीत नवा खड्डा खणून माग बसवला होता आणि त्यावर बायको बसली होती. तो शेजारी डाव्या हातानं सुताच्या कांड्या भरत होता. उजव्या हाताची तीन बोटं वळत नव्हती. मी उंबऱ्यावर बसून माफी मागितली. तो बायकोला तेलुगूत काही बोलला. तिनं माग थांबवला नाही.

"काय म्हणाले?" मी बोळातून डोकावणाऱ्या एका शेजाऱ्याला विचारलं.

"म्हनतोय, ह्यास्नी उठाय सांग. उजेड अडतोय."

मी उठून बोळात आलो.