मगरीचा पाचवा पाय

सायकल टूरचा कागद मला दूध डेअरीच्या दारावर चिकटवलेला दिसला. शहरातली भिंतीवरची चित्रं बघायची, सोबत गाइड, सायकल त्यांची, सकाळी साडेसहाला सिविल लाइन्सहून निघायचं. पस्तीस वर्षं मी शाळेत सायकलवर गेले. निवृत्तीनंतर सायकल अंगणात उभी राहून गंजली आणि माझे गुडघेही त्याच वाटेला लागले होते. म्हटलं, पूर्ण गंजायच्या आत एकदा जाऊन येऊ.

मैत्रिणीला फोन केला. ती माझ्याच शाळेतली, तीस वर्षं स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेली. माझ्या प्रत्येक खुळात ती आधी नाक मुरडते आणि मग हमखास येते. त्या दिवशी मात्र म्हणाली, "काहून जाऊन राहिली तू? धूळ असते नुसती. तेच ते वाघ न् तोच तो धुवांधार धबधबा. भिंतीवर काय पाहाचं?"

"तू पाहून आलीस वाटतं?"

"मी कायले जाऊ? लोक सांगून राहिले."

मी तिला आळशी म्हटलं आणि फोन ठेवला. मला काहीही खटकलं नाही.

थंडी चांगलीच होती. आम्ही सहाजण होतो. बंगलोरहून आलेली तीन मुलं, एक नवराबायको, आणि मी. गाइड पंचविशीतला, गोड बोलणारा. त्याने मला हेल्मेट दिलं, ते अंबाड्यावर काही केल्या बसेना. शेवटी अंबाडा सोडून वेणी घातली, तेव्हा "अब ठीक है आंटीजी" म्हणून त्याने पट्टा लावून दिला. सायकलला गिअर होते. मी त्यांना शेवटपर्यंत हात लावला नाही.

पहिला तासभर मजेत गेला. जुन्या बंगल्यांच्या भिंतींवर वाघ होतेच, मैत्रीण खोटं बोलली नव्हती. पुलाच्या खांबांवर भेडाघाटचे संगमरवरी कडे होते, पण इतके निळे की कुणीतरी नीळ ओतलीय असं वाटावं. मी तसं म्हणालेही, आणि बंगलोरची मुलं हसली. जन्म या शहरात गेला, तरी शहर असं हळूहळू, भिंतीभिंतीने मी कधी पाहिलं नव्हतं. शाळेची घाई असायची, नाहीतर भाजीची.

मग आम्ही नर्मदेवरच्या ग्वारीघाटच्या रस्त्याला लागलो. तिथे एका कॉलनीची लांब भिंत आहे. लांबूनच मला त्या गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेघा दिसल्या. मधे झोपाळ्यावर दोन गौरी, वर सूर्य-चंद्र, बाजूला कासव, फणी, आरसा, करंडा, अंबारीचा हत्ती. चैत्रांगण. चैत्रात आमच्या घरी महिनाभर रोज अंगणात काढायची ती रांगोळी कुणीतरी पुरुषभर उंच करून भिंतीवर चढवली होती. मला इतका आनंद झाला की पाय टेकवायच्या आधीच मी बोलायला सुरुवात केली होती. आणि मग खालच्या बाजूला मला पाण्याच्या तीन लाटा दिसल्या, आणि लाटांवर मगर.

चैत्रांगणात मगर नसते. आमच्या आहे, कारण माझ्या आईने ती घातली. आई अमरावतीची. राज्यांची फेररचना झाली तेव्हा वडिलांच्या ऑफिसातले कितीतरी मराठी लोक नागपूरकडे गेले, वडील गेले नाहीत. आईचं माहेर एकाएकी दुसऱ्या राज्यात गेलं. त्या चैत्रात तिने सगळ्या चित्रांच्या खाली नर्मदा काढली आणि नर्मदेचं वाहन म्हणून मगर. म्हणाली, आता हिच्याच काठी राहायचंय, तर हिला बाहेर कशाला ठेवा.

मी सात-आठ वर्षांची असताना मगर मीच काढणार म्हणून हटून बसले. काढली. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका खो खो हसल्या, कारण माझ्या मगरीला पाच पाय होते. पाचवा शेपटीखाली, बोटं वर केलेला. मी दारामागे जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने अंगण झाडून नवं चैत्रांगण काढलं आणि स्वतःच्या हाताने मगरीला पाच पाय काढले. हसणाऱ्या बायकांपैकी एकीने विचारलं तर म्हणाली, "आमच्या मगरीला इतकेच असतात." पुढे ती गेली तोवर दरवर्षी पाच. चित्रं विसरायला नकोत म्हणून तिने एक वही केली होती, तिच्यातसुद्धा पाच. माझ्यावर कुणी इतकी माया केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही. ही गोष्ट मी आयुष्यात एकाच व्यक्तीला सांगितली होती.

भिंतीवरच्या मगरीला पाच पाय होते. पाचवा शेपटीखाली, बोटं वर केलेला.

गाइड सांगत होता, "ये देखिए, मगर के पाँच पैर. पाँच पैर यानी पंचतत्व. यहाँ की एक मराठी दादीजी हैं, उनके परिवार की पीढ़ियों पुरानी परंपरा है." बंगलोरच्या मुलांनी फोटो काढले. नवराबायको पायाशेजारी उभे राहून हसले.

मी म्हणाले, "बेटा, ये पाँचवाँ पैर मेरा है."

"जी आंटीजी," तो अगदी आदराने म्हणाला, "ये तो हम सबका है."

भिंतीच्या कोपऱ्यात एक चौकट होती. 'परिकल्पना एवं पारिवारिक परंपरा', आणि खाली एक नाव. ते नाव शाळेत शिक्षकांच्या हजेरीपटावर तीस वर्षं माझ्या नावाखाली होतं.

आईची वही मैत्रिणीने तीन वर्षांपूर्वी नेली होती, नातीला दाखवते म्हणून. सहा महिन्यांनी ती रडत माझ्याकडे आली. घराला रंग देताना सामान हललं आणि वही रद्दीत गेली, म्हणाली. मला धक्का बसला होता, पण तिचं रडणं बघून मीच तिला जवळ घेतलं, चहा करून दिला, आणि पुन्हा हा विषय काढायचा नाही अशी शपथ घातली. त्यानंतरचे दोन चैत्र मी चैत्रांगण आठवून आठवून काढलं. सात-आठ चित्रं मला आठवलीच नाहीत. आम्ही दोघी अंगणात बसून त्या रिकाम्या जागा भरत होतो, आणि ती म्हणत होती, "इथं शंख असन का?" तिला माहीत होतं तिथे काय आहे. घरी वही होती तिच्या. या एका गोष्टीने मला जितकं लुटल्यासारखं वाटलं तितकं भिंतीनेही वाटलं नाही.

टूर अर्धी टाकून, सायकल परत करून, मी रिक्षाने थेट तिच्या घरी गेले. ती ओट्यावर उन्हात मटार सोलत बसली होती.

"वही कुठे आहे?" मी म्हटलं.

कोणती, असं तिने विचारलं नाही. हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे भांड्यात टाकले, आत गेली आणि वही घेऊन आली. नवीन प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं.

"मी वापस देणारच होती," ती म्हणाली. "मग ते भिंती रंगवणारे आले, घरची लोककला द्या म्हणे. मी दिली. त्याईनं नाव विचारलं, मी माझं सांगितलं. मग वही कोण्या तोंडानं देऊ तुले?"

"आईचं नाव सांगता येत नव्हतं?"

मैत्रीण वर्ध्याकडच्या शेतकरी घरातली. त्यांच्याकडे चैत्रगौर नव्हती. दरवर्षी ती सकाळपासून माझ्या अंगणात यायची, आणि खरं सांगायचं तर तिची रेघ माझ्यापेक्षा सरळ होती.

"तीस वर्षं मी तुझ्या अंगणात वाकून राहिली," ती म्हणाली. "अर्धं माझ्या हातचं. बाया येत, म्हणत, तुमचं चैत्रांगण किती सुंदर. तू एकदा तरी म्हटलं का, हे हिनं काढलं म्हणून?"

मी म्हटलं नव्हतं. ते खरं होतं, आणि म्हणून माझा राग आणखी चढला.

"मग तुझ्या रेघा न्यायच्या होत्या. माझा पाय काहून नेला?"

तिने मटाराची सालं गोळा केली. "त्याच्याबिना ते चैत्रांगण वाटतच नव्हतं मले," ती म्हणाली.

मी वही उघडली. आईच्या प्रत्येक पानावर निळ्या बॉलपेनने उभ्याआडव्या रेघा मारून चौकटी पाडल्या होत्या. चित्र भिंतीवर मोठं करताना तसं करतात, हे मला नंतर कळलं. मगरीचा पाचवा पाय एका चौकटीत बरोबर मावला होता, आणि चौकटीत आकडा लिहिला होता. पेन्सिल असती तर खोडता आली असती. मी चहा न घेता निघाले.

चैत्र आला. हळदीकुंकवाला तिला बोलावलं नाही. पहाटे अंगणात एकटी बसले, वही समोर होती, त्यामुळे सगळी चित्रं सापडली. रेघा वाकड्याच आल्या. शेवटी नर्मदा काढली, मगर काढली, चार पाय काढले आणि हात थांबला. आता पाचवा काढला की तो पंचतत्वाचा होणार, दादीजींचा होणार, भिंतीवरून उतरवलेला होणार. मी रांगोळीचा डबा बंद केला. त्या दारामागच्या रडण्यानंतर पहिल्यांदाच आमची मगर चार पायांची होती.

संध्याकाळी बायका आल्या. पन्हं झालं, कैरीची डाळ झाली. शेजारची नवी सून, मराठी समजणारी पण बोलताना अडखळणारी, चैत्रांगणापाशी वाकून बघत होती. म्हणाली, "काकू, अगदी ग्वारीघाटच्या वॉलसारखं काढलं तुम्ही. पण मगरचा एक पैर राहिला ना."

मी काही बोलायच्या आत तिने डब्यातून चिमूट घेतली आणि पाय काढला. बरोबर शेपटीखाली, बोटं वर केलेला.

"हो गं, राहिलाच," मी म्हटलं, आणि तिला कुंकू लावायला उठले.