बूट काढल्याचा खुलासा

धायरीतल्या आमच्या घरात पोलीस पहिल्यांदा आले ते बूट घालून थेट स्वयंपाकघरापर्यंत. मानसिक आजार असलेल्या माझ्या भावाला चौघांनी दोरीने बांधून नेलं, जणू त्याने दरोडा घातला होता. तेव्हापासून जिन्यात बूट वाजले की तो थरथरतो.

यंदा त्याचं गोळ्या घेणं सुटलं आणि तो सुरी घेऊन खोलीत कोंडून बसला. शेजाऱ्यांनी पुन्हा पोलिसांना फोन केला. या वेळी पन्नाशीचे एक हवालदार आले. दारातच त्यांनी मला विचारलं, "ताई, कशाला घाबरतो तो?"

"तुमच्या बुटांना," मी फटकन म्हणाले.

ते पायरीवर बसले, सावकाश नाड्या सोडल्या आणि फाटक्या मोज्यांवर आत येऊन बंद दाराशी मांडी घातली. "मी बसलोय. तुला वाटेल तेव्हा उघड," एवढंच अधूनमधून म्हणत राहिले. दोन तासांनी भावाने दार उघडून सुरी त्यांच्या हातात दिली. तेवढ्यात त्यांचे साहेब वर आले. त्यांची नजर गेली ती मोज्यांवर.

आठवड्याने मी आभार मानायला चौकीत गेले, तर हवालदार अपुऱ्या गणवेशाबद्दल खुलासा लिहीत बसले होते.

"अशा वेळी कसं वागायचं, याचं ट्रेनिंग देत नाहीत का तुमच्याकडे?" माझा आवाज चढला.

"दिलं ना. एक दिवस. भाषण, चहा, ग्रुप फोटो."

"मग खरं घडलं ते लिहा."

"ते कोण वाचतंय, ताई? शेवटची ओळ तेवढी बघतात."

त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. शेवटी लिहिलं होतं, 'पुन्हा असे होणार नाही.'