पाण्याचं माप

सिंदी मेघेत आमच्या शेजारी एक कापड दुकानदार राहतात. समोरचं काही टाळायचं असलं की ते चष्मा कपाळावर चढवतात. त्यांनी मागच्या अंगणात स्विमिंग पूल बांधायला काढला, तेव्हा मी विचारलं, "भाऊ, पोहता येतं ना तुम्हाला?"

चष्मा वर गेला. "वहिनी, कार घेतली तवा मले चालवता कुठं येत होती?"

रोज दुकानातून आले की ते खड्ड्यात उतरून उभे राहायचे आणि सदऱ्याचं माप सांगावं तसं मिस्त्रीला पाण्याचं माप आपल्या अंगावर दाखवायचे. आधी पाणी गळ्यापर्यंत ठरलं. मग कोणीतरी विहिरीत बुडालेल्या मामाची गोष्ट सांगितली आणि पाणी छातीवर आलं. आणखी कोणाला बुडालेला साडू आठवला, तसं ते कमरेवर उतरलं. "पाण्याचं काई सांगता येते का?" म्हणत ते खड्ड्यात पुन्हा मुरूम टाकून घ्यायचे.

शेवटी मिस्त्री वैतागला. "शेठ, आता अंगणच वर येऊन राह्यलं."

परवा नारळ फुटला, निळ्या टाइल्सवर पाणी चढलं. पायजमा दुमडून, घोट्याएवढ्या पाण्यात खुर्ची टाकून ते राजासारखे बसले होते. मलाही बोलावलं. मी साडी सावरत पलीकडच्या टोकाकडे निघाले, तर ते ताडकन उठले. कपाळावरचा चष्मा पहिल्यांदाच आपणहून डोळ्यांवर आला.

"जपून जा वहिनी," ते म्हणाले, "तिकडं खोल हाये. गुडघ्याइतकं."