सखूमावशीची सात बुटकी झाडे

मी लिहावे एवढी माझी योग्यता नाही. मला चारचौघांत धड बोलताही येत नाही. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी.

पण सखूमावशी आज पहाटे गेली, आणि तिने एकदा मावळातल्या थंडीला हरवले होते, हे पोस्ट केल्यावाचून मला राहवत नाही.

मळवलीत आमच्या घराला लागून एक बंगला आहे. मावशी त्याची माळीण. माझा दहावीचा सगळा अभ्यास तिच्या ओट्यावर झाला, आणि ही हकिगत मी तिथेच पुन्हा पुन्हा मागून ऐकली.

साठचे दशक सरत आले होते. तिचा नवरा बंगल्यावर माळी होता. पावसाळ्यात तापाने गेला. मालकीणबाई मुंबईच्या. त्यांच्याकडे सात बोन्साय होते: वड, पिंपळ, उंबर, सगळे हातभर उंच, परातीएवढ्या कुंड्यांत.

बाईंनी पुण्याहून नवा माळी आणायचे ठरवले. म्हणजे काम जाणार, आणि राहती खोलीही.

मावशी म्हणाली, "एक हिवाळा द्या, बाईसाहेब. होळीला सातच्या सात जित्ती दाखवते. एक जरी मेलं तर मी आपली खोली सोडते."

"बाईमाणसाला जमेल का गं हे?"

"भात लावाय जमतंय की."

बाई हसल्या. सूचना देऊन गेल्या: थंडी पडली की झाडे दिवाणखान्यात, शेगडीजवळ. त्यांच्या विलायती पुस्तकात तसेच लिहिले होते.

मावशीने तंतोतंत ऐकले.

आठ दिवसांत वडाची पाने पिवळी पडून गळली. उंबर पुरता उघडा झाला.

शेजारचे दगडूभाऊ खिडकीतून डोकावले. "सखू, बोचकं बांधाय घे आता."

मावशीने उंबराची साल नखाने खरवडली. आत हिरवे.

"जित्तं हाय, भाऊ. थंडीनं न्हाई, ह्या कोरड्या धगीनं आन् अंधारानं मरतंय."

सूचना पाळली तर झाडे जाणार. मोडली आणि तरी झाडे गेली, तर सगळा दोष तिचा.

त्याच दुपारी तिने सातही कुंड्या बाहेर काढल्या.

दक्षिणेच्या भिंतीशी, जिथे दिवसभर ऊन असते, तिथे भाताच्या तुसाचा ढीग केला. त्यात कुंड्या काठापर्यंत पुरल्या. पाणी फक्त दुपारी, उन्हात ठेवलेल्या घागरीतले.

आणि रोज दिवेलागणीला प्रत्येक झाडावर एक इरले. भातलावणीच्या पावसात बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ते, बांबूचे आणि पानांचे. हिवाळ्यात इरली माळ्यावर पडून असतात. मावशीने ती घरोघरी मागून आणली.

गाव हसले.

"काय गं, झाडं लावणीला चालली का?" दगडूभाऊ रस्त्यावरून ओरडत.

"व्हय. तुमच्यापरीस लवकर उठत्यात!"

पौषात गवतावर दहिवर गोठले. सकाळी इरल्यांवर पांढरा थर दिसे. मावशी ऊन वर येईपर्यंत एकही उचलत नसे.

होळीला दोन दिवस असताना बाई भल्या सकाळी, न कळवता आल्या.

"माझी झाडं उघड्यावर? तुला काय सांगितलं होतं मी?"

मावशी कुंड्यांपाशी गेली. एकेक इरले उचलत गेली.

वड. नवी पालवी.

पिंपळ. तांबूस, लखलखीत.

तिसरे, चौथे, पाचवे, सहावे. सगळी जिवंत.

उंबराकडे मात्र तिने स्वतःही डोळे मिटूनच हात नेला.

उघड्या फांदीवर बोटाच्या पेराएवढे एकच कोवळे पान.

बाई बराच वेळ खाली वाकून पाहत राहिल्या. "कोणी शिकवलं तुला?"

"झाडं लहान केली तुमी, बाईसाहेब. पर हितली थंडी सोसायची त्यांची जात तीच हाय. शेगडी लागती ती त्या पुस्तकातल्या गावाला. हितं लय ऊन हाय."

पुण्याच्या माळ्याला येऊ नको म्हणून त्याच दिवशी निरोप गेला.

पुढे पस्तीस वर्षे मावशी त्या बागेची माळीण होती. लोणावळ्याच्या बंगल्यांचे माळी, सगळे बाप्ये, थंडी आली की तिला विचारायला येत. ती त्यांना उभे ठेवूनच शिकवी. "बसा म्हनलं की इसरत्यात."

मावशी, सकाळपासून लोक म्हणत आहेत, नवऱ्याच्या जागी तुला नोकरी दिली होती.

दिली नव्हती. तू ती जिंकून घेतली होतीस.

तुला माझा शेवटचा, साष्टांग नमस्कार.

मंगळवार, १२ जानेवारी २०२१, सकाळी नऊ वाजून वीस मिनिटे.